गुरुवारची पाखरं

लेथवर काम चाललं की खाली लोखंडाचा चुरा साठतो. तो कुणी मुद्दाम साठवत नाही, कुणाला हवाही नसतो. आमचे किस्से तसेच साठले. खरं तर मला हिवाळ्यात आपल्या किनाऱ्यावर येणाऱ्या पक्ष्यांवर एक गंभीर लेख लिहायचा होता. लिहायला बसलोही होतो. पण कॅन्टीनमध्ये मला कुणी विचारत नाही, "यंदा तुतवार आले का?" सगळे विचारतात, "सदाच्या सासऱ्याचं काय झालं ते सांग ना राव!"

तर सांगतो. लेख राहू दे.

आमचं मंडळ चार जणांचं. मी भोसरीच्या एका कारखान्यात लॅबमध्ये आहे. बी.एस्सी. झालोय म्हणून सगळे मला 'बीएस्सी' अशीच हाक मारतात, आईवडिलांनी ठेवलेलं नाव फक्त पगाराच्या पाकिटावर उरलंय. दुसरा गायकवाड, ओव्हरहेड क्रेन चालवतो, वयाने आमच्यात मोठा आणि तोंडाने त्याहून मोठा. तिसरा स्टोअरमधला म्हात्रे. तो मूळचा रेवदंड्याकडचा, खाडीच्या तोंडाशी त्याचं घर आहे आणि आमचा मुक्काम तिथेच असतो. चौथा सदा जगताप, सांगोल्याहून आलेला टर्नर. बोलायला कमी, ऐकायला उत्तम.

इथल्या कारखान्यांना सुट्टी गुरुवारी. पुण्याचे पक्षीवाले रविवारी जातात. म्हणजे त्यांची आमची गाठ पडणं या जन्मी शक्य नाही. म्हणून आम्ही आमचं 'गुरुवार मंडळ' काढलं. बुधवारी पहिली शिफ्ट संपली की नाशिक फाट्यावर अलिबागची एसटी पकडायची, गुरुवारी उजाडता किनारा गाठायचा, संध्याकाळी परत.

आणि नेमकं त्या हिवाळ्यात सदाचं लग्न जमत आलं होतं. मुलगी चाकणजवळच्या निघोज्याची, नाव सुमन. बघून आल्यापासून सदा मशीनवर शीळ घालायला लागला होता. ते लग्न मोडायची वेळ आली, आणि तीही पक्ष्यांमुळे!

*

मंडळ काढलं तेव्हा मी नोटीस बोर्डावर कागद लावला. साधं लिहिलं तर कोण वाचतंय, म्हणून जरा झोकात लिहिलं, 'सैबेरियातून पाहुणे येत आहेत! गुरुवारी पहाटे स्वागताला समुद्रकिनारी चला!'

दुपारच्या आत पर्सोनेल ऑफिसरने बोलावलं. टेबलावर माझा कागद.

"हे डेलिगेशन कुणाच्या परवानगीने येतंय?"

"साहेब, डेलिगेशन नाही. ते पक्षी आहेत."

"तेच विचारतोय. कुठल्या पक्षाचे?"

"उडणारे, साहेब! दर हिवाळ्यात येतात."

"दर हिवाळ्यात?" साहेब उभेच राहिले. "आणि मला आज कळतंय? हे बघ, रशियातून येणारा कुणीही असो, गेटवर नाव लिहिल्याशिवाय आत येणार नाही!"

मी होय म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

*

दुर्बीण एकच. लष्कराने मोडीत काढलेली, देहूरोडच्या एका भंगारवाल्याकडून आणलेली. तिच्या डाव्या डोळ्यातून कायम धुकं दिसायचं. गायकवाडने पहिल्याच दिवशी ती डोळ्याला लावली आणि निकाल दिला, "दोन नळ्या आहेत राव, पण एक पगारी रजेवर आहे!"

पहिल्या फेरीत म्हात्रेचा एकच प्रश्न होता. कुरव दिसला, "लागतो कसा?" चिखल्या दिसला, "याचं कालवण करतात की नुसता भाजतात?"

माझं डोकं फिरलं. तिथेच वाळूत उभा राहून मी भाषण ठोकलं. "अरे, हा मूठभर जीव! बर्फातून निघतो, डोंगर ओलांडतो, वाळवंटं ओलांडतो, हजारो मैल उडून तुझ्या गावाला येतो. आणि तुला त्याचं कालवण सुचतं? लाज नाही वाटत?"

म्हात्रे मान खाली घालून सगळं ऐकत होता. मला वाटलं, जागृती झाली.

"खरं आहे तुझं," तो हळूच म्हणाला. "एवढं उडून आला म्हणजे नुसत्या शिरा असणार. शिजायलाच दिवस जाईल. राहू दे बिचाऱ्याला!"

*

म्हात्रेच्या जिवावर एकदा आमचा सबंध गुरुवार बुडाला. पाणी ओसरलं की चिखल उघडा पडतो आणि पक्षी त्यावर चरायला उतरतात. म्हणजे ओहोटी साधायलाच हवी. मी तारखा विचारायला लागलो तर म्हात्रे चिडला. "समुद्रावर जन्मलोय मी! मला शिकवतोस? सकाळी सुकती असणार, पक्की ओहोटी. माझी गॅरंटी!"

सकाळी बघतो तर पाणी पार माडांच्या मुळाशी. चिखल नाही, पक्षी नाही. एक कावळा तेवढा होडीच्या टोकावर बसून आमच्याकडे बघत होता. गायकवाड म्हणाला, "चला, आज तो मंडळात आणि आपण पक्षी."

घरी परतलो तेव्हा म्हात्रेची आई चुलीपुढे भाकऱ्या थापत होती. आमची तोंडं बघून तिला सगळं समजलं. लेकाकडे न बघताच ती बोलली, "तुला आता भोसरीच्या नलाचा पानी कलतं रं, दर्याचा नाय!"

*

आता मूळ भानगड.

सुमनचे वडील तात्या. त्यांचा भाचा आमच्याच कॅन्टीनमध्ये वाढायला आहे. तात्यांनी रीतसर त्याच्याकडे चौकशी केली, पोरगं कसं आहे म्हणून. भाचा भला माणूस. त्याने मनापासून प्रशस्तिपत्र दिलं, "पोरगं सोन्यासारखं हाय मामा. दारू न्हाई, जुगार न्हाई. फकस्त सुट्टीच्या दिवशी दोस्तांबरोबर समिंदरावर पाखरं बघायला जातंय."

संपलं! तिसऱ्या दिवशी निरोप आला, 'पुढची बोलणी नकोत.'

सदाची शीळ बंद झाली. त्याच्या मशीनवरचे जॉब रिजेक्ट व्हायला लागले. जेवणाच्या सुट्टीत तो डबा उघडायचा आणि तसाच बंद करायचा. मला तर संतापच आला. कामगाराने सुट्टीत पत्ते कुटले तर कुणाची हरकत नाही. त्याने मान वर करून आकाशाकडे बघितलं की लगेच त्याचं चारित्र्य खराब! मी म्हटलं, "मी जाऊन समजावून सांगतो. शास्त्रीय पद्धतीने."

"तू एकटा नको जाऊस," गायकवाड म्हणाला. "शास्त्रीय पद्धतीने उरलंसुरलंही मोडशील." आणि स्वतः बरोबर आला.

सायकली दामटत मोशीपुढे इंद्रायणी ओलांडून आम्ही निघोज्याला पोचलो. तात्या गोठ्यासमोर बाजेवर बसले होते. पाणी दिलं, पण चहाचं नाव काढलं नाही.

"तुमी बी जाता म्हनं, पाखरं बघायला?"

"मीच तर सगळ्यांना नेतो!" मी अभिमानाने म्हणालो.

"लगीन झालंय?"

"नाही."

त्यांनी गायकवाडकडे बघितलं. "अन् तुमचं?"

"झालंय की. दोन पोरं आहेत."

"अन् तरी बघता?"

मी घाईघाईने खुलासा केला, "तात्या, तुम्हाला वाटतं तसं नाही. ही आपल्याकडची नाहीतच. पार सैबेरियातून येतात. थंडीपुरती राहतात आणि जातात."

"गोरी असतील मंग."

"काही गोरी, काही करडी. आणि जागेला इतकी पक्की, की तीच ती दरसाल तिथेच भेटतात!"

गायकवाडने माझ्या पायावर पाय दिला. तात्यांचा चेहरा तांबडा झाला होता. "तात्या," गायकवाड शांतपणे म्हणाला, "चोच असलेली पाखरं. पिसांची. चिमणी-कावळ्यासारखी."

तात्यांनी बांधाकडे हात केला. मग म्हणाले, "चिमनी-कावळं आमच्या बांधावर हायेत. त्याच्यासाठी दिवसभराची वाट तुडवून समिंदरावर कोन जाईल का? अरं पोरांनो, थाप मारायची तर जरा पटंल अशी तरी मारा!"

आणि उठता उठता त्यांनी फर्मान काढलं, "येत्या गुरवारी म्या सोता येतो. तिथं पाखरं दिसली तर लगीन. न्हाई दिसली तर पुन्यांदा या वाटंला यायचं न्हाई."

आम्ही सायकली काढल्या तेवढ्यात दाराआडून आवाज आला, "सैबेरिया म्हंजी नकाशात वरच्या अंगाला हाय त्यो ना? तिथनं उडत येत्यात?"

तात्यांनी "आत हो!" म्हणून दटावलं. मी परत येईपर्यंत गायकवाडला एकच सांगत होतो, सबंध गावात शास्त्रीय दृष्टी असलेली एकच व्यक्ती आहे आणि तिचं लग्न सदाशीच झालं पाहिजे.

*

तो आठवडा सदाने कसा काढला ते त्यालाच ठाऊक. दर तासाला तो लॅबच्या दारात.

"बीएस्सी, गुरुवारी येतील ना रे?"

"अरे, त्यांना वार कळत नाहीत. रोज असतात ती."

"पण गुरुवारी असतील ना?"

गायकवाड क्रेनच्या केबिनमधून खाली ओरडला, "सदा, त्यांनाही आपल्यासारखी गुरुवारचीच सुट्टी असली म्हणजे रे?"

सदा त्या दिवशी घरी जाताना खरोखरच मला बाजूला घेऊन विचारून गेला.

*

आला तो गुरुवार. म्हात्रेने या खेपेला ओहोटीची वेळ आईला विचारून घेतली होती. उजाडताना आम्ही खाडीच्या तोंडाशी वाळूच्या उंचवट्यावर बसलो. मध्ये तात्या, घोंगडी पांघरून. सदा जरा लांब, उपाशी. तात्यांनी समुद्र आयुष्यात पहिल्यांदा बघितला, "लई पानी हाय," एवढंच म्हणाले, आणि कामाला लागले. "हं. कुठं हायेत?"

समोर चिखल उघडा पडला होता. आणि त्यावर काहीही नव्हतं! कुरव नाही, तुतवार नाही. मी धुक्याला दोष दिला, वाऱ्याला दिला. सूर्य वर आला. सदा वाळूत बोटाने रेघा ओढत होता, आणि त्याने मान वर करणंही सोडलं होतं.

"चला," तात्या घोंगडी झटकत उभे राहिले. "झालं बघून."

त्या झटक्याने की कशाने, देव जाणे, समोरचा चिखलच उठला. आम्ही ज्याला ओल्या मातीची ढेकळं समजत होतो ते सगळे पक्षी होते! चिखलाच्या रंगाचे, चिखलात पोट टेकून बसलेले. हजारोंचा थवा एकदम वर गेला, वळला तसा पांढरा झाला, पुन्हा वळला तसा करडा. आमच्या डोक्यावरून गेला तेव्हा पंखांचा वारा तोंडाला लागला.

तात्या परत वाळूत बसले. "आयला!" म्हणाले, आणि हात पुढे केला. मी दुर्बीण दिली.

त्यानंतर ती कुणालाही मिळाली नाही. मी म्हटलं, "तात्या, आता जरा सदाला देता?" तात्या म्हणाले, "गप रं!"

तेवढ्यात मागून शिट्टी. कस्टमचा शिपाई! त्या किनाऱ्यावर रात्री-अपरात्री परदेशी घड्याळं आणि कापड उतरायचं, आणि आम्ही पाच जण समुद्राकडे दुर्बीण लावून बसलेलो.

"कुठली बोट यायचीय?" त्याने दरडावलं.

"बोट नाही, साहेब," मी सुरू केलं, "हे सैबेरियातून..."

"तू गप्प. हे म्हातारबाबा सांगतील. काय बघताय, बाबा?"

"पाखरं," तात्या दुर्बिणीतून म्हणाले.

शिपाई हसला. "या वयात?"

तात्यांनी दुर्बीण खाली घेतली. असे संतापलेले तात्या मी निघोज्यातही बघितले नव्हते. "चोचवाली!" ते गरजले. "दिसत न्हाई व्हय तुला? आंधळा हायेस? हजारो मैल उडून आल्यात ती, अन् तू फुर्रकन शिट्टी मारतोस?"

शिपाई जरा मागे सरला. मग त्याने सदाकडे बोट केलं, कारण आमच्यात सगळ्यात गुन्हेगारासारखा चेहरा त्याचाच झाला होता. "हा कोण?"

"जावई हाय माझा," तात्या म्हणाले आणि पुन्हा दुर्बीण लावली. "बाजूला हो. उजेडाच्या आड येतूयास."

म्हात्रेने सदाच्या पाठीत असा धपाटा घातला की कस्टमचा माणूसही दचकला.

परतीच्या एसटीत तात्या खिडकीशी बसले होते, दुर्बीण मांडीवर. शेजारी सदा, नव्या नवरीसारखा अंग चोरून. खोपोली गेलं, घाट चढलो, तरी लग्नाचा विषय काढायची कुणाची हिंमत होईना. शेवटी गायकवाडने घसा साफ केला.

"तात्या, मग पौष संपला की माघातलीच एखादी तारीख धरायची का? पोरगं घाईत आहे."

"माघात," तात्या विचारात पडले. मग माझ्याकडे वळले. "ही पाखरं माघारी कवा जात्यात?"

इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कुणीतरी मला नीट शास्त्रीय प्रश्न विचारला होता. मी एका दमात उत्तर दिलं, "चैत्र सरता सरता सगळी गेलेली असतात, तात्या!"

"मंग वैशाखात लावू लगीन," तात्या म्हणाले. "आत्ताच कशाला गुरवार मोडायचं?"