राणीमायचा मान

दुपारचे जेवण आटोपून नारोबा भिकाजी जुन्या पत्र्याच्या घराच्या ओसरीवर वेताच्या खुर्चीत पडले आहेत. डोळे मिटलेले आहेत, झोप मात्र अजून उंबऱ्यावर घुटमळते आहे. समोर उसाची राने, त्यांच्यापलीकडे समुद्र, आणि त्या दोहोंची सळसळ आता एकमेकांपासून वेगळी काढता येत नाही. शेजारच्या घरातल्या रेडिओवर राष्ट्रगीत वाजून संपते. आज मार्चची बारा तारीख. मॉरिशस बेटावरचा झेंडा दोन तपांपूर्वीच बदलला होता, राणी तेवढी राहून गेली होती. ती आज गेली. आजपासून देश प्रजासत्ताक झाला.

नारोबांना याचे हर्षविषाद फारसे नाहीत. न्यायालयात दुभाषी म्हणून त्यांचा जन्म गेला. दुसऱ्याचे म्हणणे आपल्या तोंडून सांगावे आणि त्यात पदरचे काही घालू नये, ही त्यांची शिस्त. आज संध्याकाळी मात्र त्यांना स्वतः बोलायचे आहे, आणि काय बोलावे ते ठरत नाही.

पुतण्या हेमंत याने नवे घर बांधले आहे, आणि गृहप्रवेशासाठी मुद्दाम आजचाच दिवस धरला आहे. घरात शिरण्यापूर्वी गाऱ्हाणे घालायचे असते. करारावर ऊस तोडायला आलेल्या पणज्याने ही रीत कोकणातून बोटीत आपल्याबरोबर आणली. घरातल्या वडीलधाऱ्याने हाती नारळ घेऊन हद्दीच्या राखणदारांना एकेकाला नावाने हाक मारायची, ज्याचा मान त्याला द्यायचा, लेकराबाळांची राखण मागायची, आणि प्रत्येक हाकेला जमलेल्या सर्वांनी एका सुरात ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचे. एकाचा जरी सूर गळला, तरी ते गाऱ्हाणे लागत नाही. पणज्याला या बेटावरचे राखणदार ठाऊक नव्हते. त्याने मळ्याच्या गोऱ्या मालकाला विचारले, ही भूमी कोणाची? मालक म्हणाला, राणीची. झाले. पणज्याने राणीला देवचाराच्या, म्हणजे गावाकडच्या राखणदाराच्या, शेजारी नेऊन बसवले. तेव्हापासून या घराच्या प्रत्येक गाऱ्हाण्यात हाक घातली जाते: “बा देवा म्हाराजा, जी काय सात समिंदरापल्याडची राणीमाय ह्या बेटाची राखण करता, तिचो मान तिका दिलेलो असा.”

हेमंतने काल सांगून टाकले की या हाकेला तो साथ देणार नाही. ‘म्हाराजा’ म्हणायला मात्र या प्रजासत्ताकवाल्याची हरकत दिसत नाही, हे नारोबांनी त्याच्या नजरेस आणून दिले. तो हसला, पण बधला नाही. त्यावर त्याची आई जानकीवहिनी, म्हणजे नारोबांच्या थोरल्या भावाची विधवा, शांतपणे म्हणाली की नवऱ्याने जन्मभर घातलेले गाऱ्हाणे तोडून ज्या घरात शिरायचे त्या घरात ती पाऊल टाकणार नाही, जुन्या पत्र्याच्या घरात एकटी राहील. ती बोलते तसेच वागते, हे सर्वांना माहीत आहे. थोरला भाऊ सोनूदादा गेल्या वर्षी वारला. गाऱ्हाण्याचा मान नारोबांकडे आला, आणि मानाबरोबर हा पेचही आला.

“अजून बसलेलाच आहेस?” कोणीतरी विचारते.

खुर्ची उसाच्या सरीत आहे. सरीच्या टोकाला सोनूदादा उभा आहे. अंगात मळ्यावरच्या मुकादमाचा खाकी सदरा, पायांत काही नाही. तो मेलेला आहे हे नारोबांना ठाऊक आहे. त्यालाही ठाऊक असावे, कारण जिथे सावली पडावी लागेल अशा जागी तो उभा राहत नाही.

“विचार करतो आहे,” नारोबा म्हणतात.

“तू लहानपणापासून तेच करतोस. तोवर ऊस मी तोडायचा.”

नारोबा आपली बाजू मांडू लागतात. त्यांची मांडणी नेहमीप्रमाणे रेखीव आहे. गाऱ्हाणे म्हणजे एका परीने अर्जच होय. ज्याचा अधिकार संपला, त्याच्यापुढे केलेला अर्ज निरर्थक ठरतो, आणि निरर्थक शब्द देवापुढे उच्चारणे हा देवाचाही अवमान आहे. बोलता बोलता ऊस मागे सरतो आणि त्याच्या जागी न्यायालयातली काळीभोर बाके येतात. ओलाव्याचा आणि जुन्या कागदांचा वास येतो. न्यायाधीशाच्या खुर्चीमागच्या भिंतीवर एक चौकोन उजळ दिसतो. तिथे तसबीर होती. खिळा अजून तिथेच आहे. सोनूदादा साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहून ऊस सोलतो आहे, आणि सालपटे खाली टाकतो आहे. त्याला कोणी हटकत नाही.

“अधिकारी नाही म्हटलं तिला कोणी,” तो म्हणतो. “राखणदार म्हटलं.”

“तुला खरंच वाटायचं, ती राखण करते?”

सोनूदादा कांडे चावत विचार करतो. मोठ्या वादळात घराचे छप्पर उडून रानात पडले, तेव्हा त्याने भर गाऱ्हाण्यात राणीमायला शिव्या दिल्या होत्या, हे तो सांगतो. इतका मान खातेस आणि एक पत्रा सांभाळवत नाही तुला, असे म्हटले होते. सगळे ‘व्हय म्हाराजा’ म्हणाले होते. जानकीचा आवाज सर्वांत मोठा होता.

“मग त्याच वेळी नाव का नाही काढलंस?” नारोबा विचारतात. प्रश्न अचूक जागी लागला आहे, असे त्यांना वाटते.

“पानावर बसलेल्या बाईला ऊठ कसं म्हणायचं, ते तू सांग,” सोनूदादा म्हणतो. “आपल्या घरात ती रीत नाही. पणज्यानं बसवायचं सांगितलं, उठवायचं नाही सांगितलं. त्याला, आपल्या बापाला, मला, कोणालाच ते येत नव्हतं. म्हणून बसलीय ती.”

नारोबा मान वळवतात तर बाके ओली झालेली आहेत आणि खालून पाणी हलते आहे. पोर्ट लुईच्या बंदरातला कुली घाट. दगडी पायऱ्या, ज्या चढून पणजा या बेटावर आला. घाटावर माणूस नाही, गलबत नाही, फक्त मधल्या पायरीवर एक बाई केळीच्या पानापुढे बसलेली आहे. तिचा पदर डोईवरून पुढे आलेला आहे आणि चेहरा दिसत नाही. कोणत्याही तसबिरीतली किंवा नाण्यावरची ती नव्हे. पणज्याने मनात जशी पाहिली असेल तशी आहे, गावाकडच्या बाईसारखी, हात मांडीवर ठेवून वाट पाहणारी. पानावर काही वाढलेले नाही. कधीपासून बसली असेल, कोणास ठाऊक.

“हीच का?” नारोबा हळू विचारतात.

“हीच. जाईल ती. पण कोणी जा म्हटल्याशिवाय कशी जाईल?”

नारोबा तिच्याकडे पाहत राहतात. या प्रकरणात आजवर दोनच पक्ष आहेत असे त्यांनी धरले होते: नाव ठेवा म्हणणारी जानकीवहिनी आणि नाव काढा म्हणणारा हेमंत. जिच्याबद्दल वाद चालला, ती तिसरी इथे उपाशी बसली आहे, आणि तिची बाजू ऐकावी असे दुभाषी असूनही त्यांच्या मनात आले नाही.

“घरातून बाई निघते तेव्हा,” ते सावकाश म्हणतात, “आपण तिची ओटी भरतो.”

“भरतोच.”

“पण इथे बाईमाणूस कोणी नाही.”

सोनूदादा पहिल्यांदाच हसतो. “देवीची ओटी गुरव भरतो. तो काय नऊवारी नेसतो होय रे? गाऱ्हाणं तू घालायचं, म्हणजे इथला गुरव तूच.”

त्याच्या हातात नारळ आहे, खण आहे, सुपात हळदकुंकू लावलेले तांदूळ आहेत. उसाचे काय झाले, ते नारोबा विचारत नाहीत. ते पायऱ्या उतरतात. बाई उभी राहते आणि पदर पसरते. नारोबा तांदळाची ओंजळ घालतात, खण ठेवतात, नारळ ठेवतात. आवाज न्यायालयातल्यासारखा स्थिर आहे.

“आमच्या पणज्याला इथलं काही माहीत नव्हतं,” ते म्हणतात. “तुला न विचारता आम्ही तुला बसवलं. राखण झाली असेल तर तिचा मान पावला. नसेल झाली, तर तक्रार नाही. आता तू आपल्या घरी सुखरूप जा.”

मागून सोनूदादाचा आवाज येतो, “व्हय म्हाराजा.”

“पोरगा म्हणेल ना हे?” नारोबा वळून विचारतात.

“जा म्हणायला नाही म्हणेल का तो? त्याचंच तर मागणं आहे ते. आणि जानकीला सांग, तोडलं नाही, पोचवलं.”

बाई पायऱ्या उतरते. पाण्याशी पोचल्यावर ती थांबते आणि पुन्हा वर येते. आपल्या ओटीतले थोडे तांदूळ चिमटीत घेऊन ती नारोबांच्या तळहातावर ठेवते. जाणारीने चार दाणे मागे ठेवायचे असतात, म्हणजे घर भरलेले राहते. हे तिला कोणी शिकवले, असा प्रश्न नारोबांना पडतो, आणि तो विचारण्याइतका वेळ उरलेला नाही, हेही कळते. पाण्यावर ऊन इतके चमकते की ती कोणत्या बाजूला गेली ते दिसत नाही.

“मूठ मीट,” सोनूदादा म्हणतो.

“दादा, संध्याकाळी येशील?”

“पूर्वजांना हाक घालतोस तेव्हा माझं नाव घे. जिवंत होतो तोवर गाऱ्हाणं मीच घालत होतो, माझं नाव त्यात कसं येणार?”

नारोबा त्याला धरायला जातात, आणि हात खुर्चीच्या वेतावर आपटतो.

ओसरीवरचे ऊन पायरीखाली उतरले आहे. जानकीवहिनी समोर उभी आहे. पांढरे लुगडे नेसून ती तयार झाली आहे, पण नव्या घरी जायला की इथेच बसायला, ते तिच्या चेहऱ्यावरून कळत नाही.

“भावोजी, हेमंत बोलवायला येतोय. काय ठरलं तुमचं?”

नारोबा उजवी मूठ उघडतात. तळहातावर तांदळाचे दाणे आहेत, हळदकुंकू लागलेले आणि घामाने चिकटलेले. ओसरीवर सूप नाही, ताट नाही. वहिनी वाकून पाहते.

“कोणाची ओटी?” ती विचारते.

“राणीमायची. गाऱ्हाणं तोडायचं नाही, तिला घरी पोचवायची आहे.”

ती तशीच वळून आत जाते. पेटीचे झाकण वाजते, कपड्यांतून हात फिरल्याचा आवाज येतो. “हिरवा खण काढते,” आतून ती म्हणते. “तो घेऊन मीही येते तिकडे.”

नारोबा दाणे झटकत नाहीत. ते मूठ पुन्हा मिटतात.