इंदूबाईंची आडवी बाटली

इंदूबाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी अंगणवाडीत खिचडीचे तांदूळ निवडत होते. सूप तिथंच टाकलं आणि धाय मोकलून रडले. आज महिन्यानं लिहायला बसले आहे, तर रडू येत नाही. राग येतो.

डोणगावच्या बाजारात मी त्यांना पहिल्यांदा ऐकलं. शेजारच्या गावात दारूच्या दुकानावर बायांचं मतदान होतं. चिठ्ठीवर दोन चित्रं: उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद. इंदूबाईंनी पिशवीतून रिकामी बाटली काढून टेबलावर आडवी ठेवली, घरंगळायला लागली तशी दोन बोटांनी धरली आणि म्हणाल्या, “हा माहा भाऊ नामदेव. पिऊन बांधावर मेला.” बस्स! त्या दिवसापासून मी त्यांची झाले. नवऱ्याची बोलणी खाल्ली, दुकानवाल्यांच्या शिव्या खाल्ल्या, नोकरी जाता जाता राहिली. लोक विचारत, तुझ्या घरात तर कोणी थेंबाला शिवत नाही, मग तुला काय पडलंय? मी म्हणायचे, तो नामदेव मला गप्प बसू देत नाही...

तेरवीच्या पंगतीत मी वरण वाढत होते. एका अनोळखी माणसाला विचारलं, “दादा, कुठले?”

“सुरतले राह्यतो. मी नामदेव. इंदूचा भाऊ.”

वरणाची बादली मी तिथंच खाली ठेवली. जेवणं झाल्यावर ओट्यावर बसून त्यानं सगळं सांगितलं. पिऊन धिंगाणा घालायचा म्हणून बहिणीनंच त्याला घराबाहेर काढलं होतं. “दारू सुटली तवा पयले तिलेच सांगाले आलतो, ताई. दारातच रडली. भाकर खाऊ घातली. अन् म्हणे, नामदेवा, तू जाय. बाया तुह्या मरणावर मत देऊन राह्यल्या.”

“आणि तुम्ही गेलात?”

“मंग काय करू? लोकाइची घरं सुधरून राह्यली होती.”

अगं इंदूबाई, मला तरी सांगायचं होतंस! जन्मात पहिल्यांदा तुला ‘तू’ म्हणते आहे. एका ताटात जेवलो आपण. मी तुझ्या मेलेल्या भावासाठी भांडत राहिले आणि तू जिवंत भावाला उंबऱ्यावरून परत पाठवलंस. सगळं खोटं म्हणावं, तर बंद पडलेली दुकानं खरी आहेत, हेच जास्त डाचतं. मी तुला माफ केलेलं नाही.

गेल्या आठवड्यात आणखी एका गावानं सभेला बोलावलं. इंदूबाईंची पिशवी माझ्याकडेच आहे. नामदेव अजून सुरतेला परतला नव्हता, त्याला सोबत नेलं. एका तरण्या सुनेनं विचारलं, “तुमचं कोण मेलं, ताई?” सवयीनं तेच नाव ओठांवर आलं...

“कोणीच नाही,” मी म्हटलं. “इंदूबाई ज्याला मेला म्हणून सांगायच्या, तो भाऊ हा. जिता हाये. दारू सोडून बसलाय.”

बायांमध्ये कुजबुज सुरू झाली. एक तर उठूनच गेली. तिथलं मतदान अजून व्हायचंय, काय होईल ते होवो. मी बाटली काढून टेबलावर आडवी ठेवली. ती घरंगळायला लागली. माझा हात पुढं जायच्या आत नामदेवनं ती दोन बोटांनी धरली.