किंमत तीच

आज नववीच्या वर्गात फळ्यावर एक छेद वर्गमूळ दोन लिहिलं. वर-खाली वर्गमूळ दोननं गुणलं, तसे छेदात साधे दोन उरले आणि वर्गमूळ वर गेलं.

"सर, मग किंमत वाढली का?" एका मुलीनं विचारलं.

"नाही गं. रूप बदललं, किंमत तीच."

"तीच, तर एवढा खटाटोप कशाला?" वर्ग हसला. मीही हसलो. "पुढची गणितं करायला हे रूप सोपं पडतं, म्हणून," मी म्हणालो.

तास संपल्यावर मात्र फळा पुसवेना. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी, आणि हे मी छाती पुढे काढून सांगतो. शिक्षणानं माझं बोलणं-चालणं चारचौघांत वापरायला सोपं झालं, पण माणूस मी तेवढाच आहे. हे घरच्यांना कसं पटवायचं? गेल्या रविवारी गावी गेलो, तर सगळे चुलीपाशी जेवायला बसले आणि माझं ताट ओसरीवर, खुर्चीपुढच्या स्टुलावर आलं.

"अण्णा, मीही खालीच बसतो की."

"छे छे," वडील म्हणाले, "कॉलेज शिकलेला माणूस तू."

जेवता जेवता आत हशा पिकला.

"काय झालं, वहिनी?"

"काही नाही हो भावजी. आमचं आपलं असंच."