भुतं आणि गुलाबी ठिपके

अंधेरीच्या एका मॅटर्निटी होमच्या तळमजल्यावर आमची लॅब होती. ऐंशीच्या दशकात मी तिथे टेक्निशियन होते आणि मला माझ्या हाताचा भारी गर्व होता. आईच्या रक्तात बाळाच्या पेशी शोधायच्या असल्या की काच माझ्याकडेच यायची. रक्ताचा पातळ थर ॲसिडमध्ये बुडवला की आईच्या पेशींचा रंग धुऊन जातो, नुसत्या फिकट कडा उरतात. आम्ही त्यांना भुतं म्हणायचो. बाळाच्या पेशी मात्र रंग सोडत नाहीत. भुतांच्या गर्दीतले ते गुलाबी ठिपके मी मोजायचे.

साकीनाक्याच्या चाळीतली, मूळची मालवणकडची एक बाई वर दाखल होती. तिचं पहिलं बाळ मेलेलंच जन्मलं होतं. तिचं रक्त निगेटिव्ह, बाळाचं पॉझिटिव्ह. बाळाच्या पेशी अंगात राहिल्या तर तिचं शरीर त्यांच्याशी वैर धरणार आणि ते पुढच्या बाळावर उलटणार. म्हणून तीन दिवसांच्या आत इंजेक्शन हवं. तिसऱ्या दिवशी दुपारी ती जिना उतरून माझ्यासमोर उभी राहिली. बाळाचं तोंड तिला कुणी पाहू दिलं नव्हतं.

"ताई, त्याचा रगात माका बघूक मिळात?"

नियमात बसत नव्हतं. पण मला तिची कीव आली, आणि खरं सांगायचं तर दाखवायची हौसही होतीच. ती मायक्रोस्कोपला डोळा लावून बराच वेळ बसली. मग इंजेक्शनने यांचं काय होतं, असं तिने विचारलं. नष्ट होतात, मी शहाण्यासारखं सांगून टाकलं.

"मगे उद्या घेतलंय तर चलात? आजचो दिस रवांदे त्याका."

तिचा डोळा अजून काचेवरच होता. मुदत त्याच रात्री संपत होती.

"चालेल," मी म्हणाले.

सिस्टरची नजर चुकवून ती संध्याकाळी घरी निघून गेली आणि दुसऱ्या दिवशी आलीच नाही. माझं ते 'चालेल' मी कुणालाही सांगितलं नाही. भुतांची मला कधी भीती वाटली नाही. त्या गुलाबी ठिपक्यांची मात्र वाटू लागली.

दीड वर्षाने तिचं रक्त पुन्हा माझ्याकडे तपासायला आलं. नळीत पेशी एकमेकींना चिकटून गुठळ्या झाल्या होत्या. तिच्या शरीराने वैर धरलं होतं. मी नळी उजेडात धरून पाहत होते, तेवढ्यात ती दारात आली, पाच महिन्यांच्या पोटावर हात ठेवून, हसत.

"ताई, ह्येचा रगात पण दाखवशात?"

मी नळी कोटाच्या खिशात घातली आणि तिला बसायला स्टूल दिलं.