टेलरबाईंचं बिनफळाचं झुडूप

टेलरबाईंना वाकडी कड म्हणून खपायची नाही. कापड असो, पडदा असो की नवऱ्याच्या मिशा, वाकडं दिसलं की कात्री चाललीच! दुकानाच्या दारातलं झुडूप तरी कसं सुटणार? बारमाही हिरवं, काटेरी. लेक झाली तेव्हा नवऱ्याने आणलेलं, "याला लाल मण्यांसारखी फळं लागतात" असं छातीठोकपणे सांगून. आता लेकीला लेक झाली, तरी मणी काही लागेनात.

"फसवलं हो यांना रोपवाल्याने!" बाई येईल त्या गिऱ्हाइकासमोर म्हणायच्या. नवरा बिचारा, सगळी हयात बस चालवलेला माणूस, हॉर्नसुद्धा न वाजवता ऐकून घ्यायचा. झाडाचं नावही कुणाला सांगता येईना. कोपऱ्यावरच्या रोपवाटिकेतली बाई म्हणाली, "फळ बघितल्याशिवाय मी नाही बाई सांगणार."

शेवटी टेलरबाईंनी फर्मान काढलं. झुडूप उपटायचं, तिथे गिऱ्हाइकांसाठी बाकडं टाकायचं. नवऱ्याचा चेहरा पडला. कधी नव्हे तो हट्टाला पेटला. "एवढं वर्ष राहू दे गं. माझ्या शब्दाखातर."

आणि नेमक्या बाई जिन्यावरून घसरल्या. मनगट प्लास्टरात! झुडपासाठी ठेवलेली जुनी कात्री खुंटीलाच राहिली. झुडूप वाटेल तसं सुटलं, पांढऱ्या फुलांनी भरलं. फुलं वाळली तेव्हा त्याचा तो अवतार बघून बाईंचा जीव नुसता तळमळत होता. मग बारीक हिरव्या गाठी धरल्या, आणि थंडी पडता पडता अख्खं झुडूप लालेलाल!

रोपवाटिकेतली बाई कोट सैल करून घ्यायला आली, ती दारातच थबकली. एक फळ उलटं करून तिने खालची चिमुकली चांदणी दाखवली. "काटे, पानांना बारीक दाते, आणि ही चांदणी. पायराकँथाच हा! पण इतकी वर्षं याला छाटत कोण होतं?"

"मीच की! फुलं वाळली रे वाळली, की सगळं एका मापात."

"अहो, त्या वाळल्या फुलांतच तर फळं धरतात!"

बाईंनी कपाळावर हात मारला, आणि मग मागे येऊन उभ्या राहिलेल्या नवऱ्यासकट तिघंही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

"तुम्हाला हो कधी संशय नाही आला?" बाईंनी नवऱ्याला विचारलं.

"यायचा की. यंदा कात्री लपवणारच होतो, तेवढ्यात तू पडलीस."

"मग आधी का नाही लपवली?"

"छाटताना तू गुणगुणायचीस. दुकानात कधी गुणगुणत नाहीस."

बाई उठल्या, खुंटीवरची कात्री काढून त्याच्या हातात दिली.

"ठेवा कुठेतरी. मला सांगू नका," त्या म्हणाल्या, आणि गुणगुणतच मशीनवर जाऊन बसल्या.