स्क्रीनवरचे एकशे तीस किलोमीटर

पोरांनो, डिझेलचा वास आला की तुमच्या या आजीला मुखेडच्या पुढचा तो रस्ता दिसतो. गाडी नवीनच होती. उदगीरहून फोन आला, की तुमच्या आजोबांची धाकटी बहीण, माझी नणंद, दवाखान्यात आहे आणि “दादा आला का?” एवढंच विचारते आहे. नांदेड सोडताना डिझेलचा काटा तळाशी आलेला पाहून आजोबा पंपाकडे वळू लागले. मी म्हणाले, “अहो, रांग बघा केवढी आहे. स्क्रीनवर अजून एकशे तीस किलोमीटर दाखवतंय, उदगीर शंभराच्या आसपास. गाडीचं इंग्रजी पुस्तक मी सगळं वाचलंय.” “तू वाचलंस म्हणजे झालं,” असं म्हणत त्यांनी गाडी सरळ काढली. तो आकडा आधीच्या लातूरच्या चांगल्या रस्त्यावरच्या मायलेजवरून काढलेला नुसता अंदाज होता. खड्ड्यांत आणि एसीत तो भराभर उतरला आणि मुखेडच्या पुढे गाडी बंद पडली. एका शेतकऱ्याने मोटारसायकलवरून कॅनमध्ये डिझेल आणून ओतलं, तरी इंजिन लागेना. “काका, पाइपात हवा धरली हाय. डिझेलची गाडी कोरडी होऊ द्यायची नसती. आता मिस्त्रीच लागतो,” तो म्हणाला. मिस्त्री येऊन हवा काढेपर्यंत दोन तास गेले. आम्ही दवाखान्यात पोहोचलो, तेव्हा नणंदेच्या तोंडावर चादर ओढलेली होती. भाचा म्हणाला, “मामा, आत्तापर्यंत दाराकडंच बघून राहिली होती.” आजोबांनी मला कधी एका शब्दाने बोल लावला नाही. भाऊबीजेला ते अजूनही लवकर अंघोळ करून, इस्त्रीचे कपडे घालून बसतात, आणि कुठे निघालात, हे विचारायचं धाडस मला होत नाही.