चाळीस मिनिटं चित्रं कोण काढत होतं?

भुताखेताच्या गोष्टी मी कधी खऱ्या मानल्या नाहीत. दवनीवाड्याला माहेरी रोवणीच्या वेळी बाया बांधावरच्या झाडाबद्दल काहीबाही सांगायच्या. मी मान खाली घालून धानाचे परे, म्हणजे रोपं, लावत राहायची. मोबाईलवर लोकांनी लिहिलेले असे अनुभव मी वाचते, अक्षर लावत, हळूहळू… आणि मनात म्हणते, लोकांना वेळ फार आहे. मी चौथीपर्यंत शिकलेली. चारचौघांत बोलायला मला जमत नाही. म्हणून हे कुणाला न पाठवता रोशनीच्या जुन्या वहीच्या कोऱ्या पानांवर लिहितेय.

रोशनी माझी मुलगी, बावीस वर्षांची. जन्मापासून तिला ऐकू येत नाही. हातांची भाषा ती नागपूरच्या शाळेत शिकली. मला तिच्यातली अर्धीच येते, उरलेलं आम्ही घरच्या खुणांनी आणि वहीत लिहून भागवतो. कुडवा गावात भागरताबाईंच्या घरी मागच्या दोन खोल्यांत आम्ही किरायाने राहतो. तिचे बाबा नागपूरला बांधकामावर, पंधरा दिवसांनी येतात. मी साड्यांना पिको-फॉल करते.

मे महिन्यात तिला एका कंपनीचा निरोप आला. मुलाखत घेणारी बाईही ऐकू न येणारी, म्हणजे सगळं बोलणं व्हिडिओवर, हातांनी. पण अट अशी, की कंपनीनं दिलेलं लिनक्स लॅपटॉपात घालायचं आणि मुलाखत त्याच्यातूनच द्यायची. रोशनीच्या लॅपटॉपात विंडोज. ती वहीत मला समजावून देत होती — "माय, हे घरातलं घर आहे. बाहेरचं विंडोज, आत लिनक्स. चित्रं काढणारा कारागीर म्हणजे ग्राफिक्स कार्ड. तो बाहेरच्या घरात बसला आहे. आतल्या घराला तो मिळत नाही, म्हणून आतली सगळी चित्रं प्रोसेसरला काढावी लागतात. ते त्याचं काम नाही, तो दमतो."

आणि तो दमला की व्हिडिओ अडकायचा. आपल्याला त्यानं काय फरक पडतो? पण तिला पडतो. सरावाच्या व्हिडिओतल्या बाईचा हात छातीपाशी दिसायचा आणि पुढच्या क्षणी एकदम कपाळापाशी. मधला शब्दच गायब! मी विचार करायची, माझ्याशी कुणी असं अर्धं तोंड दाबून बोललं तर मी काय उत्तर देणार?

पंधरा दिवस ती त्या कारागिराला आत आणायला झटत होती. कुठली तरी सेटिंग चालू करायची, ड्रायव्हर टाकायचा, बंद करून पुन्हा सुरू करायचं. लॅपटॉपच्या पंख्याचा आवाज तिला येत नाही, पण टेबलावर तळहात ठेवून ती सांगायची — घरघर वाढली, म्हणजे अजून प्रोसेसरच राबतोय. भागरताबाई खिडकीतून डोकावायच्या.

"अवं, लगनाच्या वयाची पोरगी, दिवसभर त्या डब्यात काय पाहून राहिली?"

"नोकरीचं आहे बाई."

"नोकरी? बोलता येत नाही तं देईल कोण नोकरी? अन् तू काऊन मान खाली घालून बसली, मी काही मारून राहिली का तुले?"

मी हसल्यासारखं केलं.

मुलाखतीच्या दिवशी सकाळी जमलं! पडद्यावरचे हात पाण्यासारखे वाहायला लागले. रोशनीनं माझा हात ओढून टेबलावर ठेवला — घरघर नाही. ती इतकी हसली की मलाच रडू आलं. मग दुपारी शेवटचं एक अपडेट लावून ती केस धुवायला गेली.

आता माझं चुकलं ते लिहिते. भर दुपार, एक वाजून गेलेला. कूलरचं पाणी संपत आलेलं, आणि त्या लॅपटॉपच्या मशीनचा पंखा असा धापा टाकायला लागला की मला बघवेना. हात लावला तर चटका. आमच्या वडिलांनी कधी बाराच्या उन्हात बैल जुंपलेले ठेवले नाहीत. कितीही काम राहिलेलं असो, जू काढायचं, पाणी दाखवायचं, सावलीत बांधायचं. मला वाटलं, तीन वाजता याला काम आहे, तोवर थोडा विसावा देऊ. बटण दाबून धरलं. बंद झालं. वर पदराने वारा घातला. दहा मिनिटांनी पुन्हा सुरू केलं.

रोशनी आली, लिनक्स उघडलं… हात पुन्हा अडकायला लागले. अपडेट अर्ध्यावर तुटलं होतं. सकाळी आत आलेला कारागीर पुन्हा बाहेर. ओले केस पाठीवर तसेच, ती दीड तास झगडली. मी दारापाशी स्टुलावर बसले होते. मी केलं हे सांगायला हात उचलला आणि खाली ठेवला. धीर झाला नाही. मुलाखत पुढे ढकला, असं कंपनीला तिनं लिहिलं, तर उत्तर आलं — ठरल्या वेळीच घ्यावी लागेल.

तीन वाजले. ती कॅमेऱ्यासमोर बसली, चेहरा पांढरा पडलेला. पडद्यावर कुरळ्या केसांची एक बाई आली, तिनं हात उचलला, आणि तो अडकला. मी देवाचं नावही घेतलं नाही, खरं सांगते. मनात एवढंच — माझ्यापायी हिचं बोलणं नको तुटू.

आणि ते हात सुटले.

सकाळपेक्षाही सरळ. बोट न् बोट दिसत होतं. रोशनीनं एकदा टेबलावर तळहात ठेवला, माझ्याकडे पाहिलं, भुवया वर. मीही उठून हात लावला. लाकूड गार, थरथर नाही. चाळीस मिनिटं त्या दोघी बोलल्या. मध्ये त्या बाई हसल्या, रोशनीही हसली. तिला अनोळखी माणसाशी एवढं बोलताना मी पहिल्यांदा पाहत होते.

मुलाखत संपल्याबरोबर तिनं तपासलं. आत स्पष्ट लिहून आलं — कार्ड जोडलेलं नाही, चित्रं प्रोसेसर काढतो. मग बाहेर विंडोजमध्ये प्रोसेसरचा मुलाखतीच्या वेळचा आलेख उघडला. तो निवांत होता, जवळजवळ रिकामा. म्हणजे कारागीर आत नव्हता आणि प्रोसेसरही राबत नव्हता. तिनं वहीत मोठ्या अक्षरात लिहिलं — "मग काढत कोण होतं?" पाच मिनिटांनी तो सरावाचा व्हिडिओ लावला तर अडकला. पंखाही घरघरला. पुढे चार दिवस झटल्यावर ते नीट झालं.

भागरताबाईंना कळलं तेव्हा म्हणाल्या, "बाहेरची बाधा असंन, लिंबू उतरव." मी पहिल्यांदा उलट उत्तर दिलं. म्हटलं, "पोरीचं भलं करणारी बाधा असते का, बाई?"

नोकरी लागली. त्या रात्री जेवताना मी घास हातात धरून खुणेनं सांगितलं — मशीन मी बंद केलं होतं. तिनं घास ताटात ठेवला. मग वही ओढून लिहिलं, "माहीत आहे. बंद केल्याची वेळ मशीन लिहून ठेवतं. मुलाखतीच्या आधीच पाहिलं होतं." मी विचारलं, तेव्हाच का नाही बोललीस? तिनं लिहिलं, "तू दारात बसली होतीस. उठून गेली असतीस तर?"

आता कार्ड व्यवस्थित चालतं. तरी तिचं कामाचं बोलणं असलं की ती पायानं स्टूल दाराकडे सरकवते. मी विचारते, कशाला? ती खुणेनं म्हणते, बस. त्या दिवशी काय झालं ते तिच्या कंपनीतल्या लोकांनाही सांगता आलं नाही. मला तर काय कळणार. मी साडी घेऊन तिथं बसते, फॉल लावते, आणि तिचे हात बघते.